जरा जास्त हाय

आबा,

त्या सकाळी धाकट्याला मी फोनवर तुमचंच वाक्य सांगितलं. "आयला जरा जास्त हाय. निघून ये." तुम्ही समोर असतात तर पुढे एक अक्षर विचारलं नसतंत. हातातला चहा खाली ठेवला असतात, खुंटीवरचा शर्ट काढला असतात आणि माझ्याकडे न बघता सायकलमध्ये हवा आहे का ते बघायला अंगणात गेला असतात. आपल्या गावात 'जरा जास्त हाय' म्हटलं की माणूस गेलं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण धाकटा तिकडे दोह्यात क्रेन चालवतो. तुम्ही गेलात तेव्हा तो पाटीवर अक्षरं गिरवत होता. त्याला हे कुणी शिकवलं असणार? तो म्हणाला, "जास्त म्हणजे किती जास्त, तायडे? ऑक्सिजन लावलाय काय? डॉक्टरला फोन दे." मी आईच्या पायाशी उभी होते. बोर्लीचे डॉक्टर तिला तपासून, काकीशी हळू आवाजात बोलून निघून गेले होते. आई पहाटेच गेली होती, आबा, झोपेतच. आणि मी तिच्या मुलाला सांगत होते की डॉक्टर आत्ताच गेले, तू तिकिटाचं बघ. फोन ठेवल्यावर काकीने तो माझ्याकडून काढून घेतला.

काकी म्हणजे खालच्या आळीतली, तुमच्या चुलतभावाची बायको. तिने धाकट्यासारखं काही विचारलं नाही. "सांगितलंस ना? बास. आता त्येला येऊ दे," म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली. तिच्यापुरता विषय संपला. माझा तिथून सुरू झाला, कारण तो यायला संध्याकाळ होणार होती आणि तोवर त्याच्या कानावर काही जाऊ न देणं माझ्यावर आलं होतं. तुमच्या वेळी हे काम रस्ताच करायचा. माणूस घरातून निघालं की येष्टीत, होडीत, बांधावरून चालताना त्याला कोण काय सांगणार होतं? आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि धाकटा तर फोन बघितल्याशिवाय घास गिळत नाही.

तुमचं ते निरोप घेऊन जाणं मला स्वयंपाकघरातून दिसायचं. मागच्या दाराशी कुणीतरी येऊन उभं राहायचं, चुलीपुढच्या आईकडे बघून आवाज खाली करायचं आणि म्हणायचं, "तुमीच जावा. तुमच्या तोंडी बसतंय ते." तुम्ही सुपारीच्या वाडीतलं शिंपणं अर्धं टाकून आलेले असायचात. हातपाय धुवायचात, पण पांढरा शर्ट घालायचा नाहीत, लांबूनच ओळखतील म्हणून. बाजाराची रिकामी पिशवी हँडलला अडकवायचात. एकदा वरच्या कोंडातल्या, डोंगराकडच्या वस्तीतल्या एका बाईकडे जाताना मलाही मागे बसवलंत, पोर बरोबर असली की कुणाला शंका येत नाही म्हणून. उंबऱ्याबाहेर उभं राहून तुम्ही आधी तिच्या म्हशीची चौकशी केलीत, मग भाताची. मग म्हणालात, "पानी दे गो बाय." ती तांब्या घेऊन आली, तर तुम्ही तो घेतलाच नाहीत. "तूच पी घोटभर. तुज्या बापाला जरा जास्त हाय. चुलीवरचं उतरव, पोरांना संगं घे, निघू या." ती खरंच पाणी प्यायली. मग आत जाऊन तिने भाताचं पातेलं उतरवलं, लाकडं मागे ओढली, त्यांच्यावर पाणी मारलं. वाटेत तिने एकदाच विचारलं, "बा बोलतोय का?" तुम्ही म्हणालात, "पडून हाय."

परत येताना मी तुम्हाला विचारलं होतं, "आबा, खोटं का बोललात?" तुम्ही माझ्यावर कधी ओरडायचा नाहीत, पण त्या दिवशी ओरडलात. "खोटं काय बोललो? पडून न्हाय तर काय उभा हाय? वाट केवढी हाय ती बघितलीस ना? तिचे पाय चालाय पायजेत." मला तेव्हा ते पटलं. आत्ताही तुमचा तो रागावलेला चेहरा दिसला की पटतं. पण आईला ते कधीच पटलं नाही, आणि माझी पंचाईत तिथेच झाली.

आई अलिबागकडची, मिठागरांच्या बाजूची. मला-तुलाच्या जागी तिचं 'मना' आणि 'तुना' ऐकून आपल्या आळीतल्या बायका पदराआड हसायच्या. ती मात्र अजिबात बदलली नाही. उलट आपल्याच बोलण्याची टिंगल करायची. आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं. घरात साप निघाला तर जनावर निघालं. आई म्हणायची, "तुमचे गावान सगलाच वाढतं. कमी काय होतच नाय." तुम्ही हसायचात आणि तिला चिडवायला तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायचात, तो इतका वाईट असायचा की तीही हसायची. पण 'जास्त हाय' हे शब्द निघाले की ती गप्प व्हायची. तुम्ही निरोप घेऊन निघालात की ती भांडी जरा जोरात आपटायची. मला पुष्कळ दिवस वाटायचं की तिला तुमचं अर्धं काम टाकून जाणं आवडत नाही.

खरं कारण मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुम्ही गेलात तेव्हा निरोप घेऊन जायला गावात तुम्हीच नव्हता. ज्याला पाठवलं त्याला ते जमलं नाही. म्हसळ्याला आत्याच्या दारात उभं राहून त्याने एका दमात सांगितलं, "भाऊ गेला तुमचा," आणि आत्या उंबऱ्यावरच कोसळली, कपाळाला खोक पडली. बायका त्याला शिव्या देत होत्या. आई कोपऱ्यात बसून होती, ती एकदम म्हणाली, "बरा केला. सरल सांगला." सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. दुःखाने हिचं डोकं फिरलं असं काकीलाही वाटलं. नंतर, वर्ष उलटल्यावर केव्हातरी, सुकवलेल्या कोलंबीचे सोडे निवडताना तिने मला सांगितलं की तिचा बाप गेला तेव्हा तुम्ही तिला असंच माहेरी नेलंत. नवं लग्न. तुम्ही म्हणालात, तुझ्या बापाला जरा जास्त हाय, चल. तिला बिचारीला आपल्या गावची ही रीत कुठे ठाऊक? तिने बापाला आवडतात म्हणून सोडे बांधून घेतले. दिघीच्या लाँचमध्ये कुणाचा तरी बोकड होता, त्याने एका शेटजींच्या पिशवीतली कोथिंबीर ओढून खाल्ली आणि सगळी लाँच हसली. तीही हसली. पोट धरून हसली, म्हणाली. आणि तुम्ही तिच्याकडे बघून हसलात.

"मना घरान सांगाचा व्हता," ती म्हणाली. सोडे निवडायचे तिचे हात थांबले नव्हते. "मी घरान रडले असते, मंग आले असते चालत. माजा बा तिकरं पडलेला आन मी लाँचीन हासत व्हते." माहेरच्या अंगणात माणसं डोक्याला टॉवेल बांधून बसलेली दिसली तेव्हा तिला कळलं. त्यानंतर ती तुमच्याशी बरेच दिवस बोलली नाही, हेही तिनेच सांगितलं. तुम्ही दोघंही याबद्दल आमच्यासमोर कधी बोलला नाहीत. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माजे वक्ताला पोराला सरल सांग. झुलवत आनू नको." मी हो म्हटलं. सोडे निवडता निवडता माणूस ज्या सहजपणे हो म्हणतं तसं म्हटलं.

आता सांगा, त्या सकाळी मी काय करायला हवं होतं? आई ओटीवर चटईवर निजवलेली. बर्फ कोळीवाड्यातून आणला होता, मासळीच्या पेटीतला, त्याला तो वास येत होता. आईला तो वास आवडायचा, हे आठवून मला रडताना मधेच हसू आलं आणि मी घाबरून इकडेतिकडे बघितलं. कितीदा तरी मनात म्हटलं की पुन्हा फोन लावावा आणि सरळ सांगून टाकावं. पण तो परदेशात, एकटा, विमानतळावर. आत्या निदान आपल्या उंबऱ्यावर पडली, धरायला माणसं होती. हा तिथे कुठे पडेल? त्याला कोण पाणी देईल? तेवढ्यात मोहल्ल्यातले चाचा आले, तेच सुपारीचे व्यापारी, तुम्ही ज्यांच्याकडे पोती घेऊन जायचात. त्यांचा मुलगा आणि धाकटा दोह्यात एका खोलीत राहतात. चाचा ओटीच्या पायरीशी टोपी काढून उभे राहिले, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी पोराला बोललो, तेला विमानात बसव, असली बात बोलू नको. सफर लांबचा हाय." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचा हात धरला. मग ते म्हणाले, "पन बेटी, आजकाल सफरमदी पन फोन चालूच ऱ्हातो." आणि जरा निवलेला जीव पुन्हा टांगणीला लागला.

चाचांचं बोलणं खरं ठरायला वेळ लागला नाही. खारघरहून माझा मुलगा निघाला होता. तो गाडीत बसल्याबसल्या काय करतो, तर व्हॉट्सॅपच्या स्टेटसला आजीचा फोटो, खाली पेटलेली मेणबत्ती आणि 'मिस यू आजी'. काकीच्या सुनेने मला दाखवलं. मी त्याला फोन लावून विचारलं, हे काय टाकलंस? तो म्हणाला, "मम्मी, मी रिस्पेक्ट म्हणून टाकलं ना. सगळेच टाकतात." मी म्हटलं, काढ ते आधी, मामाला अजून सांगितलं नाहीये. तो मग म्हणाला, "सांगितलं नाही म्हणजे? मग तो येतोय कशाला?" मी त्याला काय सांगू, आबा? ह्या पोराला आपल्या रीतीतलं काही मी शिकवलंच नाही, आणि आता चालत्या गाडीत फोनवर शिकवायची वेळ आली होती. त्याने स्टेटस काढलं. "टेन्शन नको घेऊ," म्हणाला, "कोणी कोणी बघितलं ते दिसतं. मामाचं नाव नाहीये." मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, नाव नाहीये ना, नक्की नाहीये ना. शेवटी तो चिडला.

हे निस्तरतं न निस्तरतं तोच काकी धापा टाकत आली. नाक्यावर मंडळाच्या पोरांनी बोर्लीहून बोर्ड छापून आणला होता, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि आईचा माझ्या लग्नातला फोटो, नथ घातलेला, विजेच्या खांबाएवढा उंच. धाकट्याची गाडी त्याच्याखालूनच येणार. मला घर सोडून जाता येत नव्हतं. काकी गेली आणि तिचा आवाज मला इथे ओटीवर ऐकू आला. "मेल्यांनो, उतरवा तो! पोराला घरी तरी येऊ द्याल का न्हाय?" पोरं म्हणत होती की काकी, आम्ही वर्गणी काढून केलंय. काकी म्हणाली, "मग तुमच्या आयशीचा लावा!" आईला हे ऐकायला फार आवडलं असतं. बोर्ड उतरवून त्यांनी शाळेच्या भिंतीआड उलटा टेकवून ठेवला.

मुंबईत उतरल्यावर धाकट्याचा पहिला फोन आला. मी तो मागच्या पडवीत जाऊन घेतला. "आय कशी हाय?" मी म्हटलं, "पडून हाय." हे तुमचंच, त्यात खोटं काही नव्हतं. तो म्हणाला, "व्हिडीओ लाव ना, तायडे. बघू दे जरा." मी म्हटलं रेंज नाही. "आवाज तर क्लिअर येतोय की." मी म्हटलं, "डोळे मिटून हाय. उठवू नको तिला." त्याच वेळी ओटीवर कुणीतरी नवी बाई आली आणि तिने आल्याआल्या गळा काढला. मी फोन छातीशी दाबून धावले. काकीने त्या बाईच्या तोंडावर हातच ठेवला होता आणि ओटीवरच्या सगळ्या बायका तोंडात पदर कोंबून माझ्याकडे बघत होत्या. कुणाच्या मरणाला इतकं गप्प बसलेलं घर मी कधी बघितलं नाही. फोन पुन्हा कानाला लावला तर तो काही बोलत नव्हता. मग म्हणाला, "बरं. टॅक्सी मिळाली. निघतोय." त्याने ऐकलं की नाही ऐकलं, हाच विचार करत मी पडवीत किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही.

पुढचा फोन माणगावहून. गाडी चहाला थांबली होती. आणि आबा, तो हसत होता. ड्रायव्हर बिहारचा होता, त्याने कधी समुद्र बघितला नव्हता, तो सारखा विचारत होता की साब, आपके गाँव में पानी कितना गहरा है. धाकटा मला त्याच्या आवाजात ते करून दाखवत होता, लहानपणी तुमच्या नकला करायचा तसा. मी हुं हुं करत होते. मला ती दिघीची लाँच दिसायला लागली. आई तिथे बर्फावर आणि तिचा मुलगा माणगावच्या हॉटेलात हसतोय, आणि हसवत ठेवणारी मी. हसू थांबल्यावर तो म्हणाला, "बरी हाय ना गो ती?" तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शांत हाय. मलाही तेच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "बरी हाय." तुमची सगळी हुशारी मोडून मी चक्क खोटं बोलले. तो म्हणाला, "बरं, बरं," आणि फोन ठेवला.

त्यानंतर मला राहवेना. आईला मी शब्द दिला होता. त्याला सगळं खरं सांगून टाकावं म्हणून मी पुन्हा फोन लावला. लागला नाही. म्हसळ्याच्या घाटात रेंज जाते, तुम्हाला हे माहीत नाही, तुमच्या वेळी तिथे फक्त वळणं होती. मी लावत राहिले. ती फोनमधली बाई मला गोड आवाजात सांगत राहिली की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती. बाहेर जाणती माणसं उन्हाकडे बघून कुजबुजत होती की दिवस मावळायच्या आत व्हायला पाहिजे. चुलतभावांनी तिरडीचे बांबू आणून मागच्या अंगणात ठेवले होते, समोरून दिसू नयेत म्हणून. मी लावत राहिले, आणि मग गाडीचाच आवाज आला.

तो नाक्यावरच उतरला होता, पुढे चालत आला. घरापुढच्या खळ्यातली माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी वाट दिली. मी दारातून त्याचा चेहरा बघत होते. मला वाटलं होतं तो धावत येईल, ओरडेल, मला विचारेल. त्याने चपला काढल्या, त्या नीट बाजूला ठेवल्या आणि ओटीवर येऊन आईच्या डोक्याशी बसला. तिच्या केसांवरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग काकीने गळा काढला आणि दिवसभर कोंडलेलं सगळं घर एकदम रडायला लागलं. त्या आवाजात तोही रडला असेल. मला दिसलं नाही, माझ्याच डोळ्यांना दिसत नव्हतं. दिवस मावळायच्या आत झालं सगळं.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. तो सगळ्यांशी बोलायचा, भेटायला येणाऱ्यांना दोह्याच्या उन्हाच्या गोष्टी सांगायचा, माझ्या मुलाला घेऊन नदीवर जायचा. माझ्याशी मात्र कामापुरतं. भात वाढ. पाणी तापलं का. ताट पुढे सरकवताना मी त्याच्या तोंडाकडे बघायची आणि मला आईच दिसायची, तुमच्यावर रुसून बसलेली. नव्या नवरीचा रुसवा निदान घरातल्या घरात होता. हा एकदा विमानात बसला की पुन्हा केव्हा येणार, आणि आता येणार तरी कुणासाठी? आईच्या नावाने आम्ही दोघं एका घरात जमायचो. मी तिचा शब्द मोडला आणि त्याच दिवशी त्यालाही गमावलं, असं मला वाटायला लागलं होतं. माझं ताट तसंच राहायचं. काकी म्हणाली, शोक आहे, उतरेल. तिला काय सांगणार?

तो निघायच्या आदल्या दिवशी मी मागच्या पायरीवर बसून त्याच्यासाठी आमसुलं बांधत होते. तो येऊन खालच्या पायरीवर बसला. एक आमसूल उचलून त्याने तोंडात टाकलं. मग म्हणाला, "तायडे, ते मेणबत्तीचं स्टेटस मी बघितलं व्हतं. दोह्याला, विमानात चढायच्या आधी."

मी म्हटलं, "तुझं नाव नव्हतं. पोराने बघितलं नीट."

"माजं नाव दिसत न्हाय. मी बघितलेलं कुनाला दिसू नये, तसं फोनात बंद ठेवलंय." तो असा बोलत होता जणू चूक त्याचीच होती.  मी विचारलं, मग मला का विचारत होतास? कशी हाय, व्हिडीओ लाव, बरी हाय ना? तुला ठाऊक होतं तर तो माणगावचा तमाशा कशाला?

तो म्हणाला, "तू सांगत व्हतीस ना. पडून हाय. डोळे मिटून हाय. ऐकायला बरं वाटत व्हतं. तू बरी हाय म्हनालीस, तवा मी फोन ठेवला आनि गाडीत रडलो. ड्रायव्हर घाबरला, क्या हुआ साब म्हनाला. मी बोललो, कुछ नहीं, मेरी माँ ठीक है." मग त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "मला वाटलं तू रागावशील, समजल्यावर. म्हनून बोललो न्हाय इतके दिवस."

आम्ही दोघंही घाबरून गप्प होतो म्हणायचं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने तो राहू दिला. आता तो गेला आहे. तिकडे पोचल्याचा त्याचा फोन आला, चाचांच्या मुलाने स्वयंपाक करून ठेवला होता म्हणे. मी आईच्या घरात आवराआवर करत थांबले आहे, आणि दुपारी हे लिहायला बसले. हे कुणाला दाखवायचं नाही, धाकट्याला तर नाहीच. उद्या बंब पेटवताना त्यातच घालेन. वर भेटल्यावर आई माझ्याशी बोलेल की नाही याची धास्ती गेलेली नाही. तुमच्याकडे असेल तर तिला सांगा, पोर लाँचमध्ये हसलं नाही, हसल्यासारखं केलं.

पण तुम्हाला एक सांगते, कारण तुम्ही इतक्यांना पाणी पाजून आणलंत, तुम्हाला कदाचित कळेल. सकाळपासून सगळं गाव आईबद्दल बोलत होतं, किती कष्टाची होती, तोंडाने फटकळ होती, पण हाताने देणारी होती. तो एकटाच विचारत होता, कशी हाय. फोन वाजला की मी पडवीत पळायची, आणि मी 'पडून हाय' म्हटलं की तेवढ्यापुरती ती आत खरंच पडून असायची, खोकत, माझ्यावर डाफरत. घाटात त्याचा फोन लागत नव्हता तेव्हा मी खरं सांगायला लावत होते असं वर लिहिलंय. तसं नव्हतं, आबा. त्याने अजून एकदा विचारावं म्हणून लावत होते.